सिडनीचा कडा आणि खोडदच्या तबकड्या

पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगावाहून पूर्वेला वळले, की थोड्याच वेळात खोडदच्या माळावर आकाशाकडे तोंड केलेल्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि अशा एकूण ३०. त्यांतील १४ खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या आहेत. दोन टोकांमधील जास्तीत जास्त अंतर सुमारे २५ किलोमीटर. या सर्वांची मिळून एकच दुर्बीण होते आणि ‘जीएमआरटी’ या नावाने ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे.

तीस वेगवेगळ्या तबकड्यांची ‘एक’ दुर्बीण कशी होते, या प्रश्नाचा माग काढत मागे गेले, तर वाट कल्याणवरून जाते आणि सिडनी शहराच्या पूर्वेला, पॅसिफिक महासागराच्या काठावरील एका कड्यापाशी पोहोचते. त्या उपनगराचे नाव डोव्हर हाइट्स. ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते, कांगारू आठवतात, अलीकडे तेथे शिकायला गेलेली नात्यातली मुले आठवतात. रेडिओ खगोलशास्त्र या विद्याशाखेची पायाभरणी ज्या मोजक्या ठिकाणी झाली त्यांत सिडनी अग्रभागी होते, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते. खुद्द ऑस्ट्रेलियातही ती बराच काळ विस्मृतीत गेली होती. आणि तिच्यातील एका व्यक्तीचे नाव तर जवळजवळ पुसलेच गेले होते. ते नाव रुबी पेन-स्कॉट.

युद्धातून उरलेली विद्या

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनने रडारचे गुपित आपल्या वसाहतींतील मोजक्या शास्त्रज्ञांना सांगितले. त्यानुसार १९३९ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या आवारात रेडिओफिजिक्स प्रयोगशाळा स्थापन झाली. आज ‘सीएसआयआरओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेचा ती एक विभाग होती. ऑगस्ट १९४१ मध्ये तेथे रुबी पेन-स्कॉट रुजू झाल्या. न्यू साउथ वेल्समधील ग्राफ्टन या गावी १९१२ साली त्यांचा जन्म झाला होता. वयाच्या सोळाव्या वर्षी सिडनी विद्यापीठात प्रवेश, भौतिकशास्त्रात पदवी, १९३६ मध्ये पदव्युत्तर पदवी, मग काही काळ कर्करोगविषयक संशोधन, काही काळ शाळेत शिक्षिका आणि पुढे एका रेडिओ कंपनीत नोकरी, असा त्यांचा तोवरचा प्रवास होता. युद्धकाळात पुरुष मनुष्यबळ अपुरे पडू लागले, तेव्हा प्रयोगशाळेची दारे स्त्रियांसाठी उघडली.

रडारच्या पडद्यावरील खरखरीतून शत्रूच्या विमानाचा क्षीण संकेत कसा वेगळा काढायचा, यात त्या पारंगत झाल्या. हेच कौशल्य पुढे आकाशाच्या अभ्यासात उपयोगी पडणार होते. कारण खगोलीय रेडिओ लहरी म्हणजेही एक प्रकारची खरखरच असते. तिच्यात अर्थ शोधावा लागतो.

१९४५ मध्ये नॉरफोक बेटावरील रडार यंत्रणेत सूर्योदयाच्या वेळी विचित्र गोंगाट ऐकू येत असल्याचे आढळले. न्यूझीलंडमध्ये एलिझाबेथ अलेक्झांडर यांनी त्याचा अभ्यास करून तो सूर्याकडूनच येत असल्याचे दाखवले. ही वार्ता सिडनीला पोहोचली. युद्ध नुकतेच संपले होते. निष्णात माणसे आणि संवेदनक्षम यंत्रे हाताशी होती. प्रयोगशाळेतील जोसेफ पॉसी, पेन-स्कॉट आणि लिंडसे मॅक्रेडी या तिघांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये कोलारॉय येथील हवाईदलाच्या रडारवर सूर्याचे निरीक्षण सुरू केले. सूर्यावरील डागांची संख्या वाढली की रेडिओ गोंगाटही वाढतो, हे त्यांच्या ध्यानी आले. पण तो नेमका सूर्याच्या कोणत्या भागातून येतो? संपूर्ण बिंबातून, की डागांच्या जागेतून?

समुद्राचा आरसा

अडचण अशी होती, की त्या वेळच्या रेडिओ यंत्रांना सूर्य हा एक धूसर ठिपकाही नीट दिसत नव्हता. कोणत्याही दुर्बिणीचा रेखीवपणा दोन गोष्टींवर अवलंबून असतो: तरंगांची लांबी आणि दुर्बिणीचा व्यास. तरंग जितका लांब, तितका व्यास मोठा लागतो. प्रकाशाचे तरंग अतिशय सूक्ष्म असल्यामुळे डोळ्याच्या एवढ्याशा बाहुलीतून आपल्याला चंद्रावरचे डाग दिसू शकतात. रेडिओ तरंग दीड मीटर लांबीचे असतील आणि मानवी डोळ्याइतका रेखीवपणा हवा असेल, तर सुमारे पाच किलोमीटर व्यासाची तबकडी लागेल. अशी तबकडी आजही कोणी उभारू शकत नाही.

डोव्हर हाइट्सच्या कड्यावर या अडचणीवर एक सुंदर तोड निघाली. तेथे लष्कराचे किनारा-संरक्षणाचे रडार होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८० मीटर उंचीवर असलेला त्याचा अँटेना पूर्वेकडे, क्षितिजाकडे रोखलेला होता. पहाटे सूर्य समुद्रातून वर येऊ लागला, की त्याच्या रेडिओ लहरी दोन वाटांनी अँटेनाकडे येत: एक थेट, आणि दुसरी समुद्राच्या पाण्यावरून परावर्तित होऊन. दुसरी वाट किंचित लांबची. त्यामुळे दोन्ही लहरी कधी एकमेकींना बळ देत, तर कधी एकमेकींना मारून टाकत. सूर्य जसजसा वर सरके, तसतसा संकेत चढत-उतरत राही. जणू समुद्रपृष्ठाच्या जितका वर खरा अँटेना होता, तितकाच समुद्रपृष्ठाच्या खाली त्याचे प्रतिबिंब असलेला दुसरा अँटेना होता, आणि दोघे मिळून आकाश पाहत होते. एका अँटेनाच्या खर्चात दोन अँटेनांचे काम!

२६ जानेवारी १९४६ च्या पहाटे हा प्रयोग झाला. रेडिओ खगोलशास्त्रात व्यतिकरणाचे तत्त्व वापरण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो. पुढील काही दिवसांत सूर्यावर डागांचा एक प्रचंड समूह प्रकटला आणि संकेतांतील चढ-उतारांवरून असे दिसले, की प्रखर गोंगाट त्या समूहाच्याच जागेतून येत आहे. सूर्य शांत असतानाही त्याच्याकडून येणारे रेडिओ प्रारण दहा लाख अंश तापमानाशी सुसंगत असल्याचे पॉसी यांनी त्याच वर्षी दाखवले. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग सहा हजार अंशांच्याही आतबाहेर. पण त्याच्या भोवतीचे विरळ प्रभामंडळ त्याहून कितीतरी तप्त आहे, या अनुमानाला रेडिओ लहरींनी असा भक्कम दुजोरा दिला.

स्वरांतून नाद, नादातून चित्र

या निरीक्षणांवरील सविस्तर निबंध १९४७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मॅक्रेडी, पॉसी आणि पेन-स्कॉट हे त्याचे लेखक. त्यात सूर्यडागांच्या चर्चेच्या ओघात एक विचार मांडला आहे, आणि तोच आपल्याला खोडदपर्यंत आणून सोडतो.

तंबोऱ्याची तार छेडली की कानाला एकच नाद ऐकू येतो. परंतु त्यात अनेक लहान-मोठे स्वर मिसळलेले असतात. प्रत्येक स्वर किती प्रमाणात आहे हे कळले, तर तोच नाद पुन्हा घडवता येतो. फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांनी दाखवलेले हे तत्त्व चित्रालाही लागू पडते. कोणतेही चित्र म्हणजे स्थूल आणि सूक्ष्म लहरींची बेरीज होय. दोन अँटेना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर ठेवले, की ते आकाशाच्या चित्रातील एक विशिष्ट ‘स्वर’ मोजतात. जवळचे अँटेना स्थूल रेषा टिपतात, दूरचे अँटेना बारकावे. पुरेशी वेगवेगळी अंतरे वापरून हे सर्व स्वर मोजले आणि गणिताने त्यांची बेरीज केली, तर कोणतीही अवाढव्य तबकडी न बांधता आकाशाचे संपूर्ण चित्र मिळू शकते. १९४७ च्या त्या निबंधात हे तत्त्व स्पष्टपणे नोंदवलेले आहे. अभ्यासकांच्या मते त्यातील गणिती बाजू मुख्यतः पेन-स्कॉट यांची होती.

तथापि कड्याची उंची बदलता येत नव्हती आणि इतकी आकडेमोड करणारी यंत्रेही हाताशी नव्हती. त्यामुळे सिडनीच्या चमूने त्या मार्गाने लगेच पुढे पाऊल टाकले नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे मार्टिन राईल यांनी १९४६ पासूनच दोन स्वतंत्र अँटेना वापरून निरीक्षणे सुरू केली होती. संगणकाची जोड देऊन त्यांनी हे तंत्र पूर्णत्वास नेले आणि १९७४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. राईल यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. पण त्या सन्मानानंतर रेडिओ खगोलशास्त्राचा इतिहास सांगताना केंब्रिजवर प्रकाश पडत गेला आणि सिडनीचा कडा अंधारात राहिला.

विवाहाचा नियम

पेन-स्कॉट यांनी मात्र सूर्याचा पाठपुरावा सोडला नव्हता. सूर्यावरून येणाऱ्या रेडिओ स्फोटांचे जे प्रकार पुढे पाठ्यपुस्तकांत गेले, त्यांतील काहींचा शोध त्यांच्या निरीक्षणांतून लागला. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे अ‍ॅलेक लिटल यांच्यासह त्यांनी असे यंत्र उभारले, की जे सेकंदाला २५ वेळा आकाश चाळून काढी. त्यामुळे क्षणभंगुर स्फोट सूर्यावरून कसा बाहेर सरकतो, हे प्रत्यक्ष पाहता येऊ लागले.

या साऱ्या काळात त्या एक गुपित सांभाळत होत्या. सप्टेंबर १९४४ मध्ये विल्यम हॉल यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी सेवेतील तत्कालीन नियमानुसार विवाहित स्त्रीला कायम पदावर राहता येत नसे. लग्न झाले, की तिने राजीनामा द्यायचा किंवा तात्पुरती कर्मचारी व्हायचे. पेन-स्कॉट यांनी लग्नाची वाच्यता केली नाही आणि त्या माहेरच्या नावानेच काम करत राहिल्या. १९५० मध्ये गोष्ट उघड झाली. आपण ते लपवले यात काही गैर केले असे त्यांना वाटत नव्हते, आणि तसे त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना लेखी कळवले. नियम नियमाच्या जागी राहिला. त्यांचे कायमपद गेले, त्याबरोबर निवृत्तिवेतनाचा लाभही गेला. पुढल्याच वर्षी त्यांना दिवस गेले. प्रसूतीच्या रजेची तरतूदच नव्हती. १९५१ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ऐन बहरात असताना त्यांनी संशोधन सोडले.

पुढे मुले मोठी झाल्यावर त्यांनी सिडनीतील एका मुलींच्या शाळेत अकरा-बारा वर्षे गणित व विज्ञान शिकवले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र पीटर हॉल जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ झाले. कन्या फियोना हॉल या ऑस्ट्रेलियातील अग्रगण्य कलावंत. २०१५ च्या व्हेनिस येथील कला-द्वैवार्षिकीत त्यांनी आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले. विवाहित स्त्रियांना कायमपद नाकारणारा तो नियम १९६६ मध्ये रद्द झाला. तोपर्यंत पेन-स्कॉट यांना प्रयोगशाळा सोडून पंधरा वर्षे लोटली होती.

जेवणाच्या सुटीतील दुर्बीण

इकडे डोव्हर हाइट्सवर दुसरा एक चमू काम करत होता. जॉन बोल्टन हे मूळचे इंग्रज, ब्रिटिश नौदलातून ऑस्ट्रेलियात आलेले. गॉर्डन स्टॅन्ली आणि ब्रूस स्ली या सहकाऱ्यांसह त्यांनी समुद्राच्या आरशाचीच युक्ती सूर्यापलीकडे वापरली. आकाशात काही ठिकाणांहून जोरदार रेडिओ लहरी येतात हे कळले होते. पण त्या जागी आहे तरी काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. उगवणारे स्रोत सिडनीहून दिसत. मावळणारेही हवे होते. म्हणून १९४८ मध्ये बोल्टन आणि स्टॅन्ली आपले यंत्र गाडीवर चढवून न्यूझीलंडच्या कड्यांवर घेऊन गेले. १९४९ मध्ये तिघांनी तीन स्रोतांची ओळख पटवली. वृषभ राशीतील स्रोत म्हणजे खेकडा तेजोमेघ, एका स्फोट पावलेल्या ताऱ्याचे अवशेष. कन्या आणि नरतुरंग या तारकासमूहांतील स्रोत म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या, कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिका. इतक्या दूरवरून इतका प्रबळ संकेत येतो, हे जाहीरपणे म्हणण्याचे धाडस मात्र त्यांनाही सहजी झाले नाही. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी हे स्रोत आकाशगंगेतलेच म्हटले.

याच मंडळींनी १९५१ मध्ये केलेला उद्योग तर एखाद्या गोष्टीत शोभावा असा आहे. मोठी तबकडी हवी, पण पैसे नाहीत. तेव्हा वरिष्ठांना न सांगता, रोज जेवणाच्या सुटीत फावडी घेऊन त्यांनी कड्यावरच्या वाळूत सुमारे २२ मीटर व्यासाचा खोलगट खड्डा खणला. खोकी बांधण्याच्या पोलादी पट्ट्या त्यात अंथरल्या आणि जमिनीतच तबकडी तयार केली. ही तबकडी वळवता येत नव्हती. पृथ्वी फिरेल तसे माथ्यावरून सरकणारे आकाश ती पाही. सुदैवाने सिडनीच्या जवळजवळ माथ्यावरूनच आकाशगंगेचे केंद्र जाते. पुढे हाच खड्डा मोठा करून, धनु राशीतील त्या केंद्राचा नकाशा त्यातून काढण्यात आला. या यशामुळे मोठ्या दुर्बिणीच्या मागणीला बळ आले. ३१ ऑक्टोबर १९६१ रोजी पार्क्स येथील ६४ मीटरची दुर्बीण सुरू झाली. १९६९ मध्ये माणसाच्या चंद्रावरील पहिल्या वावराची दृश्ये जगाला पोहोचवण्यात तिचा मोठा वाटा होता.

सिडनीहून कल्याणला

ऑगस्ट १९५२ मध्ये रेडिओ विज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद सिडनीत भरली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन तिला उपस्थित होते. तेथील काम पाहून ते प्रभावित झाले आणि परतल्यावर त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत त्याविषयी उत्साहाने सांगितले. ऐकणाऱ्यांत गोविंद स्वरूप नावाचा एक तरुण होता. कोलंबो योजनेची शिष्यवृत्ती मिळवून १९५३ मध्ये तो सिडनीला पोहोचला, आणि पॉसी यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने दोन वर्षे वेगवेगळ्या गटांत काम केले.

त्या वेळी पॉट्स हिलच्या जलाशयाकाठी क्रिस क्रिस्टियनसन यांनी सुमारे दोन मीटर व्यासाच्या ३२ लहान तबकड्या एका ओळीत मांडल्या होत्या. पृथ्वी फिरते तशी ही ओळ सूर्याकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहते. त्या प्रत्येक कोनातील मोजमापे एकत्र केली, की सूर्याचे द्विमितीय रेडिओ चित्र तयार होते. क्रिस्टियनसन आणि वॉरबर्टन यांनी १९५५ मध्ये ते पूर्ण केले. त्यासाठी लागणारी आकडेमोड हाताने करण्यात महिनोन्महिने गेले. कड्यावर १९४७ मध्ये मांडलेला विचार येथे चित्ररूप झाला.

नवे यंत्र येणार असल्याने त्या ३२ तबकड्या मोडीत निघणार होत्या. स्वरूप यांनी पॉसी यांना विचारले, त्या भारताला देता येतील का? पॉसी यांनी होकार दिला. वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा यावर पत्रव्यवहार रेंगाळला. अखेर तबकड्या दिल्लीला पोहोचल्या, तोपर्यंत स्वरूप अमेरिकेस गेले होते. १९६३ मध्ये होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. दिल्लीत पडून असलेल्या तबकड्या मागवून घेण्यात आल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ भारतातील त्या प्रकारची पहिली रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ज्या धातूने सिडनीत सूर्य पाहिला होता, तोच आता कल्याणहून त्याच सूर्याकडे पाहू लागला. तेथे तयार झालेल्या तरुण चमूने पुढे उटी येथील ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली आणि नंतर खोडद. भारतीय अभियंत्यांची स्वतःची कल्पकता त्यात ओतप्रोत आहे. पण दूरदूरच्या अँटेनांनी मोजलेल्या ‘स्वरां’तून चित्र घडवण्याचे मूळ सूत्र तेच आहे.

उशिरा लागलेली नोंद

सिडनीतील या परंपरेची एक शाखा आपल्या घराघरांतही आली आहे. भिंतींवरून उसळून येणाऱ्या रेडिओ प्रतिध्वनींमुळे बिनतारी संगणकजोडणी गोंधळते, ही अडचण सीएसआयआरओतील रेडिओ खगोलशास्त्रज्ञ जॉन ओ’सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात फूरिये यांच्याच गणिताच्या आधारे सोडवली. संपूर्ण वाय-फाय ऑस्ट्रेलियाने शोधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु त्यातील एक कळीची पद्धत तेथील एकस्वाखाली होती, आणि मोठ्या कंपन्यांशी चाललेल्या दाव्यांनंतर संस्थेला त्यापोटी चाळीस कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले.

पेन-स्कॉट यांची नोंद घ्यायला त्याहून अधिक वेळ लागला. ज्या संस्थेने त्यांचे कायमपद काढून घेतले, तिनेच २००८ मध्ये त्यांच्या नावाने एक पुरस्कार सुरू केला. कुटुंबाच्या जबाबदारीमुळे काम थांबवावे लागलेल्या आणि पुन्हा संशोधनाकडे परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी तो आहे. २००९ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. २०२१ पासून ऑस्ट्रेलियाच्या विज्ञान अकादमीचे एक पदकही त्यांच्या नावाने दिले जाते. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांना जे हवे होते ते मात्र पदक नव्हते. मूल झाल्यावरही परत येऊन बसता येईल अशी खुर्ची, एवढीच ती मागणी होती. किती संशोधने त्या खुर्चीअभावी झालीच नाहीत, याचा हिशेब कोणत्याही देशाला मांडता येणार नाही.

डोव्हर हाइट्सच्या कड्यावर आज खेळाचे मैदान आहे. तेथे जुन्या अँटेनाची प्रतिकृती उभारलेली आहे. वाळूतला तो खड्डा केव्हाच बुजला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशात आता ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या जागतिक दुर्बिणीचे एक लाखाहून अधिक लहान अँटेना उभे राहत आहेत, आणि भारत त्या प्रकल्पात भागीदार आहे. तेथील मूलनिवासी वजारी लोकांनी त्या जागेला आपल्या भाषेत दिलेल्या नावाचा अर्थ आहे, ‘आकाश आणि तारे वाटून घेणे’. दर फेब्रुवारीच्या अखेरीस राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरते आणि शाळकरी मुलांची तेथे झुंबड उडते. या वर्षी मुलांना घेऊन तेथे जाणे झाले, तर तबकड्यांची उंची आणि वजन सांगून झाल्यावर कल्याणच्या त्या ३२ लहान तबकड्यांची गोष्टही त्यांना सांगावी; आणि तिच्या आरंभी, समुद्रावरून उगवणाऱ्या सूर्याची वाट पाहत पहाटे कड्यावर उभ्या असलेल्या बाईंचे नावही.